अनुदान संपल्यावर काय उरते? : रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनचे आरोग्यसमता कार्यक्रम

अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यभागी स्ट्रीटरव्हिल ही सधनांची वस्ती आहे. तेथे जन्मणाऱ्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ९० वर्षे भरते. तेथून दक्षिणेस साधारण पंधरा किलोमीटरवर एंगलवुड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथे हेच आयुर्मान सुमारे ६० वर्षांवर येते. एकाच महापालिकेच्या हद्दीतील ही तीस वर्षांची तफावत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये मांडली. देशातील ५०० मोठ्या शहरांच्या त्या तुलनेत शिकागोतील दरी सर्वांत रुंद निघाली. ज्या वस्तीनिहाय आकडेवारीवर हा हिशेब उभा राहिला, ती तयार करण्यासाठी पैसा पुरवणाऱ्यांत न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथील रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन ही संस्था होती.

केवळ आरोग्य या एकाच विषयाला वाहिलेली ही अमेरिकेतील सर्वांत मोठी खासगी दानसंस्था होय. ती स्वतः रुग्णालये चालवत नाही किंवा औषधे वाटत नाही. विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था, नगरपालिका, राज्यांची आरोग्य खाती यांना ती ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीचे अनुदान देते. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत तिने अनेक कार्यक्रम सुरू केले, काही वाढवले, काही बंद केले. त्यांतील प्रमुख कार्यक्रम पाहताना एक कसोटी वारंवार पुढे येते : संस्थेचा पैसा थांबल्यावर त्या कामाचे काय झाले? कोणते अनुदान फळास आले आणि कोणते वाया गेले, याचा निवाडा बहुतेक वेळा या एका प्रश्नावर होतो.

निधीचा उगम

संस्थेला ज्यांचे नाव आहे ते धाकटे रॉबर्ट वुड जॉन्सन (१८९३–१९६८) हे ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ कंपनीच्या एका संस्थापकाचे पुत्र. १९३२ पासून १९६३ पर्यंत कंपनीची सूत्रे त्यांच्या हाती होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला. तेव्हापासून लोक त्यांना ‘जनरल जॉन्सन’ म्हणू लागले. १९३६ मध्ये त्यांनी आपल्या न्यू ब्रन्सविक गावापुरती एक लहानशी धर्मादाय संस्था काढली होती. मृत्युपत्रान्वये त्यांनी आपल्या मालकीचे कंपनीचे बहुतांश शेअर या संस्थेच्या नावे केले. मृत्यूनंतरच्या कायदेशीर सोपस्कारांत तीन वर्षे गेली आणि तेवढ्या काळात शेअरांचे मूल्य वाढून सुमारे १२० कोटी डॉलरवर पोहोचले. गावापुरती असलेली संस्था १९७२ मध्ये अशा रीतीने एकाएकी राष्ट्रीय पातळीवर आली. कंपनीपासून ती कायद्याने स्वतंत्र आहे.

अमेरिकी करकायद्यानुसार अशा खासगी संस्थांना करात मोठी सवलत मिळते. त्याच्या बदल्यात त्यांनी दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. मूळ निधी शाबूत ठेवून त्याच्या उत्पन्नातून दान करायचे, ही यामागची योजना. या संस्थेच्या हाती आज हजार कोटी डॉलरहून अधिक निधी असून वार्षिक अनुदाने ५० कोटी डॉलरच्या घरात जातात.

ही रक्कम ऐकायला प्रचंड वाटते. पण २०२३ मध्ये अमेरिकेचा एकूण आरोग्यखर्च सुमारे ४ लाख ९० हजार कोटी डॉलर होता. म्हणजे देश आरोग्यावर दहा हजार डॉलर खर्च करतो, तेव्हा या संस्थेचा वाटा एखाद्या डॉलरचा असतो. एवढ्या पैशात कोणाही मोठ्या लोकसमूहाच्या उपचारांचा खर्च कायमचा उचलता येणार नाही, हे संस्थेच्या धुरीणांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून प्रयोग करून दाखवावा, त्याचे मोजमाप करावे आणि तो यशस्वी ठरल्यास सरकारने किंवा आरोग्यव्यवस्थेने उचलावा, असा मार्ग त्यांनी निवडला.

अनुदानाची रीत

संस्थेचे पहिले अध्यक्ष डॉ. डेव्हिड रॉजर्स हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेचे अधिष्ठाते होते. त्यांच्या काळात अनुदानाची जी घडी बसली, ती थोड्याफार फरकाने टिकून आहे. एखादा प्रश्न निश्चित झाला की देशभरातून प्रस्ताव मागवले जातात. बाहेरच्या तज्ज्ञांकडून त्यांची छाननी होते. निवडलेल्या पंधरा-वीस किंवा चाळीस ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होते आणि त्या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी एखाद्या विद्यापीठात किंवा व्यावसायिक संघटनेत स्वतंत्र कार्यालय उघडले जाते. त्याच वेळी आणखी एका तटस्थ संस्थेकडे मूल्यमापनाचे काम दिले जाते. काम करणारा एक आणि त्याचे माप घेणारा दुसरा, ही विभागणी त्या काळच्या दानसंस्थांत विरळ होती. तिच्यामुळेच पुढे या संस्थेच्या अपयशांची नोंदही यशाइतकीच बारकाईने झाली.

उपचार दारापर्यंत

१९७० च्या दशकात मुख्य चिंता होती ती उपचार मिळण्याची. ग्रामीण भागात आणि शहरांतील गरीब वस्त्यांत डॉक्टर मिळत नसत आणि अपघातग्रस्ताला रुग्णालयात नेण्याची धड व्यवस्था नव्हती. पुष्कळ गावांत शववाहिका चालवणाराच रुग्णवाहिकाही चालवत असे. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये या दुरवस्थेवर अहवाल काढला होता. १९६८ मध्ये अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान गावातून ९११ या क्रमांकावरचा पहिला दूरध्वनी लागला. परंतु पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांना एका साखळीत जोडणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी नव्हतीच.

१९७३ मध्ये संस्थेने दीड कोटी डॉलरची योजना जाहीर केली आणि ३२ राज्ये व प्वेर्तो रिको मिळून ४४ विभागांना अनुदाने दिली. अट एकच होती : आजूबाजूच्या गावांनी आणि यंत्रणांनी एकत्र येऊन सामाईक संपर्कव्यवस्था उभारावी. आपल्याकडे आज १०८ हा क्रमांक जे काम करतो, त्याची ही जुळवाजुळव होती. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने आपत्कालीन वैद्यकीय सेवांचा कायदा संमत केला आणि केंद्र सरकारचा पैसा या कामात उतरला. संस्थेचे अनुदान काही वर्षांत संपले. एकत्रित संपर्कयंत्रणा मात्र राहिली आणि देशभर पसरली.

दुसरा कार्यक्रम परिचारिकांविषयीचा होता. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना तपासणी, निदान आणि प्राथमिक उपचारांचे पुढचे शिक्षण देण्यास सुरुवात केली होती. डॉक्टरांच्या संघटना या कल्पनेकडे साशंकतेने पाहत होत्या. संस्थेने अशा शिक्षणक्रमांना आणि या परिचारिकांच्या बळावर चालणाऱ्या ग्रामीण दवाखान्यांना पाठबळ दिले. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा आज अमेरिकी आरोग्यसेवेचा नेहमीचा घटक आहे, आणि जेथे डॉक्टर पोहोचत नाही अशा अनेक ठिकाणी रुग्णाला पहिल्यांदा तपासते ती तीच.

बेघर, एड्सग्रस्त आणि तान्ही बाळे

१९८० च्या दशकात अमेरिकी शहरांच्या रस्त्यांवर बेघरांची संख्या वाढू लागली. त्यांना विमा नव्हता, पत्ता नव्हता आणि रुग्णालयाच्या दारातून परतवले जाण्याचा अनुभव मात्र पाठीशी होता. १९८५ मध्ये संस्थेने प्यू धर्मादाय न्यासाच्या सहकार्याने १९ शहरांत बेघरांसाठी आरोग्यसेवेचा कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी सुमारे अडीच कोटी डॉलर ठेवण्यात आले आणि शहरांच्या महापौरांची परिषद त्यात सहभागी झाली. रुग्णाने दवाखान्यात यावे अशी वाट न पाहता डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांची पथके निवाऱ्यांत, अन्नछत्रांत आणि पुलांखाली जाऊ लागली.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, बेघरांच्या साहाय्याचा मॅकिनी कायदा झाला. त्यातील आरोग्यसेवेचा भाग या १९ शहरांच्या अनुभवावर बेतलेला होता. आज केंद्र सरकारच्या निधीवर चालणारे असे सुमारे ३०० कार्यक्रम देशभर आहेत. संस्थेच्या इतिहासात हा कार्यक्रम आदर्श मानला जातो, कारण येथे अनुदानाने एक पद्धत सिद्ध करून दाखवली आणि कायद्याने ती कायम केली.

एड्सच्या बाबतीत असेच घडले. १९८६ मध्ये, म्हणजे ज्या काळी या रोगाचे नाव काढताच शेजारी दार लावून घेत, त्या काळी संस्थेने सॅन फ्रान्सिस्कोतील पद्धत इतर शहरांत नेण्यासाठी अनुदाने दिली. रुग्णालयातील महागड्या खाटेऐवजी घरी शुश्रूषा, स्वयंसेवकांचे साह्य, समुपदेशन आणि या सर्वांची सांगड घालणारा एक जबाबदार कार्यकर्ता, असे तिचे स्वरूप होते. १९९० च्या रायन व्हाइट कायद्याने केंद्र सरकारचा निधी ज्या रचनेतून वाटला, तिच्यावर या प्रयोगांची छाप आहे. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातील मुलगा रक्तस्रावाच्या विकारावरील औषधातून बाधित झाला होता. शाळेने त्याला प्रवेश नाकारल्यामुळे त्याचे नाव देशभर झाले. कायदा होण्याच्या काही महिने आधी, वयाच्या अठराव्या वर्षी तो वारला.

तिसरा कार्यक्रम अधिक संथ गतीचा होता. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावात ४०० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांत कमी वयाच्या, अविवाहित आणि गरीब स्त्रियांची संख्या मोठी होती. काहींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जात राहिली. पंधरा वर्षांनी तपासले असता या घरांतील मुलांच्या हेळसांडीच्या आणि छळाच्या नोंदी इतरांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आढळल्या. ओल्ड्स यांनी हाच प्रयोग पुढे मेम्फिस आणि डेन्व्हर येथे पुन्हा करून पाहिला. या प्रदीर्घ कामाला आधार देणाऱ्यांत ही संस्था होती. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यात गृहभेटींच्या कार्यक्रमांसाठी पाच वर्षांकरिता दीडशे कोटी डॉलरची तरतूद झाली. पहिल्या अभ्यासापासून कायद्यापर्यंत ३३ वर्षे लागली.

मुलांच्या विम्याची कथा याहून साधी, पण बोधप्रद आहे. १९९७ मध्ये सरकारने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी विमा योजना आणली. परंतु पात्र असूनही लाखो मुले योजनेबाहेर राहिली. अर्ज लांबलचक होते, कागदपत्रे अनेक लागत आणि पालकांना आपण पात्र आहोत हेच माहीत नसे. संस्थेच्या अनुदानांतून सर्व ५० राज्यांत अर्ज सोपे करण्याचे आणि मुलांना शोधून नोंदवण्याचे काम झाले. हक्क कागदावर असणे आणि तो पदरात पडणे यांत जे अंतर असते, ते भरून काढणे हाच या अनुदानाचा उद्देश होता.

तंबाखूविरुद्धची मोहीम

१९९० मध्ये डॉ. स्टीव्हन श्रोडर अध्यक्ष झाले आणि संस्थेने तंबाखूच्या प्रश्नात हात घातला. बलाढ्य उद्योगाशी थेट सामना असल्याने इतर दानसंस्था या विषयापासून दूर राहत. पुढील सुमारे दोन दशकांत या कामी ७० कोटी डॉलरच्या जवळपास खर्च झाला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मोकलेस स्टेट्स’ कार्यक्रमातून राज्याराज्यांत संघटनांच्या आघाड्या उभ्या राहिल्या. त्यांचे राष्ट्रीय कार्यालय अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे होते. १९९६ मध्ये मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी एक राष्ट्रीय संघटना संस्थेच्या साहाय्याने स्थापन झाली. ती आजही कार्यरत आहे.

येथे कायद्याची एक मर्यादा आड येत होती. खासगी दानसंस्थेला आमदार-खासदारांचे मत वळवण्यासाठी पैसा देता येत नाही. म्हणून संशोधन, लोकशिक्षण आणि संघटनबांधणी यांवर अनुदान खर्च झाले आणि कायदे करून घेण्याच्या प्रयत्नांचा खर्च आघाड्यांनी इतर देणग्यांतून उभा केला. सिगारेटवरील करवाढ आणि कामाच्या जागी धूम्रपानबंदी हे दोन उपाय राज्याराज्यांतून पुढे आले. १९६५ मध्ये सुमारे ४२ टक्के प्रौढ अमेरिकी धूम्रपान करीत; २०२१ पर्यंत हे प्रमाण ११.५ टक्क्यांवर आले. या घसरणीचे श्रेय एका संस्थेचे नाही. सरकारी अहवाल, न्यायालयीन खटले आणि असंख्य कार्यकर्ते त्यामागे आहेत. शिवाय ही घट सर्व थरांत सारखी नाही : गरीब आणि कमी शिकलेल्या लोकांत धूम्रपान आजही बरेच अधिक आहे. सरासरी सुधारली तरी दरी राहू शकते, हा धडा पुढे संस्थेच्या विचारात महत्त्वाचा ठरला.

फसलेले प्रयोग

अपयशांची यादीही लहान नाही. १९८८ मध्ये मध्यम आकाराच्या शहरांत अमली पदार्थांविरुद्ध सर्व समाजघटकांना एकत्र आणण्याचा ‘फायटिंग बॅक’ कार्यक्रम सुरू झाला. दशकाहून अधिक काळ चाललेल्या या कार्यक्रमावर सुमारे ८ कोटी ८० लाख डॉलर खर्च झाले. ब्रँडाइस विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ही शहरे आणि तशीच इतर शहरे यांची तुलना केली, तेव्हा व्यसनाच्या प्रमाणात मोजता येण्याजोगा फरक आढळला नाही. बैठका झाल्या, समित्या झाल्या, परंतु नेमके काय करायचे याची स्पष्टता अनेक ठिकाणी नव्हती.

मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचा १९८९ ते १९९४ या काळातील अभ्यास दुसऱ्या प्रकारचा. पाच मोठ्या रुग्णालयांतील नऊ हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते आणि खर्च २ कोटी ८० लाख डॉलर. रुग्णाची इच्छा डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्यासाठी खास परिचारिका नेमल्या, तरीही अखेरच्या दिवसांतील वेदना आणि नको असलेले उपचार कमी झाले नाहीत. १९९५ मध्ये हा निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध झाला. त्या धक्क्यातून उपशामक शुश्रूषेच्या शिक्षणासाठी नवी अनुदाने निघाली आणि आज अमेरिकेतील बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असा विभाग आढळतो.

तिसरे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटावे. न्यू जर्सीतील कॅम्डेन हे गरिबीने ग्रासलेले शहर. तेथील डॉ. जेफ्री ब्रेनर यांच्या लक्षात आले, की थोडेसे रुग्ण पुन्हा पुन्हा रुग्णालयात येतात आणि शहराच्या रुग्णालयीन खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावरच होतो. अशा रुग्णांना शोधून त्यांच्या घरी जावे, औषधे, निवारा, मदतीचे अर्ज यांची व्यवस्था लावून द्यावी, असा उपक्रम त्यांनी उभारला. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन त्याच्या पाठीराख्यांत होते. मूळच्या विदर्भातील डॉक्टर वडिलांचे पुत्र असलेले शल्यचिकित्सक-लेखक अतुल गवांदे यांनी जानेवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला आणि कॅम्डेनचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढे ८०० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. सहा महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण उपक्रमातील गटात ६२.३ टक्के, तर बाहेरच्या गटात ६१.७ टक्के होते. म्हणजे फरक नव्हताच. आजाराच्या अत्यंत वाईट काळात निवडलेला रुग्ण पुढे काहीसा सावरतोच. तो सावरणे उपक्रमाचे यश समजले गेले होते. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर ही चूक कोणाच्या ध्यानात आली नसती. त्याचबरोबर आणखी एक कटू गोष्ट उघड झाली : ज्याला राहायला घर नाही आणि ज्या व्यसनमुक्ती केंद्रात जागा नाही, तेथे कितीही तळमळीचा कार्यकर्ता दिला तरी तो रुग्णाला नेणार कोठे?

दवाखान्याबाहेरचे आरोग्य

या प्रश्नाने संस्थेची दिशा पालटण्यास हातभार लावला, जरी बदलाची सुरुवात त्याआधीच झाली होती. २००३ मध्ये डॉ. रिसा लाव्हिझो-मोरे अध्यक्ष झाल्या. या पदावरील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यांच्या काळात २००८ मध्ये एक आयोग नेमला गेला. उपचारांच्या पलीकडे आरोग्य कशाने घडते, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. अर्थतज्ज्ञ ॲलिस रिव्हलिन आणि मार्क मॅक्लेलन हे त्याचे सहअध्यक्ष भिन्न राजकीय गोटांतून आलेले होते. बालपणाचे शिक्षण, पोषक आहार, सुरक्षित वस्ती, धूरमुक्त हवा यांवर भर देणाऱ्या शिफारशी २००९ मध्ये आल्या.

२०१० पासून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या साहाय्याने देशातील तीन हजारांहून अधिक काउंटींची, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांची, आरोग्यक्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या मूळ सूत्रात उपचारांना केवळ २० टक्के वजन होते. उत्पन्न, शिक्षण, रोजगार आदी सामाजिक घटकांना ४० टक्के, सवयींना ३० टक्के आणि हवा, पाणी, घरे यांना १० टक्के. क्रमवारीत आपला जिल्हा तळाला पाहून अनेक स्थानिक प्रशासनांना जाग आली. पाठोपाठ २०१८ मध्ये सरकारी आकडेवारी केंद्राच्या सहकार्याने वस्तीनिहाय आयुर्मानाची आकडेवारी प्रथमच देशभर उपलब्ध झाली.

बालकांच्या स्थूलतेविरुद्ध २००७ मध्ये जाहीर झालेला ५० कोटी डॉलरचा संकल्प याच दृष्टीतून आला. २०१५ पर्यंत ही लाट परतवण्याचे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. २०१५ मध्ये आणखी ५० कोटी डॉलर जाहीर करावे लागले. एकूण मुलांतील स्थूलतेचे प्रमाण वाढतच गेले. मात्र गरीब माता आणि बालकांसाठीच्या सरकारी पोषण योजनेतील शिधा २००९ मध्ये सुधारल्यानंतर त्या योजनेतील दोन ते चार वर्षांच्या मुलांमधील प्रमाण २०१० मधील १५.९ टक्क्यांवरून २०१६ मध्ये १३.९ टक्क्यांवर आले. उपदेशापेक्षा शिध्यातील बदलाचा परिणाम अधिक दिसला.

२०१७ मध्ये संस्थेच्या साहाय्याने कॅलिफोर्नियातील अभ्यासक पॉला ब्रेव्हमन आणि सहकाऱ्यांनी आरोग्यसमतेची व्याख्या स्पष्ट केली. तिचा आशय असा : निरोगी राहण्याची न्याय्य संधी प्रत्येकाला असावी, आणि त्यासाठी गरिबी, भेदभाव आणि त्यांतून येणारी सत्ताहीनता, चांगले शिक्षण, काम, घर, सुरक्षित परिसर आणि उपचार यांचा अभाव, हे अडथळे दूर करावेत. सर्वांना सारखे वाटप म्हणजे समता नव्हे, हे यातून निघते. ज्याची वाट अधिक बिकट, त्याला अधिक आधार द्यावा लागतो. २०१७ पासून संस्थेची धुरा सांभाळणारे डॉ. रिचर्ड बेसर यांनी वर्णभेदाचा आरोग्यावरील परिणाम हा विषय कामाच्या केंद्रस्थानी आणला.

माणसे घडवणारी अनुदाने

प्रकल्पांइतकाच पैसा माणसांवर खर्च करण्याची परंपराही जुनी आहे. ‘क्लिनिकल स्कॉलर्स’ या कार्यक्रमातून तरुण डॉक्टरांना वैद्यकाच्या बाहेरचे, म्हणजे संशोधनपद्धती, अर्थशास्त्र आणि धोरण यांचे शिक्षण मिळाले. चार दशकांत हजारावर डॉक्टर त्यातून बाहेर पडले आणि विद्यापीठांत, सरकारी खात्यांत मोठ्या पदांवर गेले. १९७३ पासूनच्या एका शिष्यवृत्तीतून आरोग्यक्षेत्रातील जाणकार वर्षभर काँग्रेसच्या कार्यालयांत राहून कायदा कसा घडतो ते पाहतात. १९८३ मध्ये सुरू झालेला आणि हार्वर्डच्या वैद्यक विद्याशाखेतील पहिले कृष्णवर्णीय विभागप्रमुख हॅरॉल्ड एमॉस यांचे नाव धारण करणारा कार्यक्रम वंचित समूहांतील डॉक्टरांना अध्यापन आणि संशोधनात स्थिर होण्यास चार वर्षे आधार देतो. इमारतीसारखे दाखवता येणारे फळ या अनुदानांना नसते. परंतु पुढच्या पिढीत प्रश्न कोण विचारणार, हे त्यांतून ठरते.

आक्षेप आणि पेच

अशा संस्थेवर आक्षेपही आहेत. कोणत्या प्रश्नाला प्राधान्य द्यायचे, हे मूठभर विश्वस्त ठरवतात. त्यांना मतदारांपुढे जावे लागत नाही, आणि करसवलतीमुळे त्या निधीत जनतेचाही वाटा असतो. संस्थेने दिशा बदलली, की जुन्या विषयावर काम करणाऱ्या लहान संघटना अनुदानाअभावी बंद पडण्याची भीती असते. तीन-चार वर्षांच्या मुदतीत पिढ्यानुपिढ्यांची विषमता मोजण्याजोगी कमी होत नाही. एल्मायराच्या परिचारिकांना तेहतीस वर्षे लागली, हे विसरता येत नाही.

याहून खोल पेच कसोटीतच दडलेला आहे. प्रयोग आपण करावा आणि सरकारने तो पुढे चालवावा, हे सूत्र सरकार घेण्यास राजी असेपर्यंत चालते. १९७३, १९८७, १९९० आणि २०१० या वर्षी ते चालले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अमेरिकी केंद्र सरकारने विविधता, समता आणि समावेश या नावाखाली चालणारे आपले कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. ‘समता’ हा शब्दच वादाचा विषय झाला. ज्या हातांत काम सोपवायचे तेच मागे घेतले जात असतील, तर दहा हजारांत एक डॉलर खर्च करणाऱ्या संस्थेने पोकळी भरायची, की पुढच्या कायद्यासाठी पुरावे गोळा करत राहायचे?

संस्थेच्या स्वतःच्या इतिहासातून याचे जे उत्तर निघते ते मर्यादित, पण ठाम आहे. पोकळी भरण्याइतका पैसा तिच्याकडे कधीच नव्हता. टिकले ते कायदे, प्रशिक्षित माणसे आणि सार्वजनिक नोंदी. वस्तीनिहाय आयुर्मानाची आकडेवारी आज कोणालाही पाहता येते. एंगलवुडमधील रहिवाशाला, तेथील शिक्षकाला किंवा नगरसेवकाला तीस वर्षांच्या हिशेबासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.